टपावरचे पाच दिवे

कोंबडीखताचा वास साबणाला दाद देत नाही. धाकटीने राख लावून पाहिली, लिंबू चोळून पाहिलं, घासणीने कातडं लाल होईपर्यंत हात खरवडून पाहिले. वास नखांच्या कडेला आणि केसांच्या मुळाशी ठाण मांडून बसायचा. घास तोंडाशी नेला की आधी नाकाला हात लागायचा आणि निम्म्या वेळा जेवण तिथंच संपायचं. सासू म्हणायची, "त्या वासावर चूल पेटते आपली. नाक मुरडू नकोस."

म्हातारीचं खोटं नव्हतं. धाकटीचा नवरा पोल्ट्रीच्या शेडांमधलं खत पिकअपमध्ये भरून शेतांवर नेऊन टाकायचा. फावडं मारायला धाकटी बरोबर असायची. खतात मेलेल्या कोंबड्याही निघत. काही ताज्या, काही फावडं लागताच फुटणाऱ्या. चार वर्षं ती हे काम करत होती, तरी दर वेळी फावडं टाकून बाजूला जाऊन थुंकायची. लोक म्हणतात, सवय होते. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी फावडं धरलेलं तिला दिसलं नव्हतं.

त्यांतला पहिला नंबर थोरल्या दिराचा. एकाच अंगणात समोरासमोर दोन दारं, एक थोरल्याचं, एक यांचं. शेडवर ओळख ठेवायला लागते, असं म्हणून तो जवळजवळ रोज पिकअपमधून यायचा. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच जागा. पांढऱ्या शर्टाला डाग नको म्हणून तिथं थोरला बसायचा, आणि मागच्या भरलेल्या हौद्यात, खतावर पोतं अंथरून धाकटी. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं असतात. हा शेळ्यांच्याच गाडीत बसून हाकायचा, एवढाच फरक.

नवऱ्याचं नाव आता कुणी घेत नसे. सगळे त्याला 'दोनदा' म्हणायचे. हे नाव थोरल्यानेच ठेवलेलं. दोनदा गाडी सुरू करायचा, केबिनच्या टपावर आता दिवे उरले नसले तरी त्यांचं बटण दाबायचा, मग पुढच्या दिव्यांचं, मग खाली उतरून लंगडत गाडीभोवती फिरायचा, दिवे लागलेत ना ते बघायचा, वर चढायचा, बटणं बंद करून पुन्हा दाबायचा आणि कधीकधी पुन्हा उतरायचा. शेडवरची माणसं फाटकाशी उभं राहून मोठ्याने मोजायची, "एकदा... दोनदा!"

दोन वर्षांमागे तो असा नव्हता. त्या थंडीत उजाडायच्या आधी तो एकटाच रिकामी गाडी घेऊन निघाला होता. धुकं जमिनीलगत दाटलेलं. वळणावर काच पुसायला त्याने गाडी कडेला घेतली आणि समोरून आलेला ट्रक थेट केबिनच्या उजव्या कोपऱ्यावर चढला. टपाचा कोपरा वीतभर आत गेला, डॅशबोर्ड त्याच्या गुडघ्यावर आला. ट्रकवाला सगळ्यांना सांगत सुटला, "खालचे दिवे धुक्यात बुडाले होते. टपावर एक जरी दिवा असता तर मला उंचावरून दिसला असता." दोनदा दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणत राहिला, "मी बटण दाबलं होतं. टपाचे दिवे मी लावले होते." मग थोरला आला. खाटेशेजारी बसून, हातावर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाळा, बटण बंद होतं. गाडी ओढून आणली तेव्हा मी स्वतः बघितलं. असू दे, होतं माणसाकडून."

आत बसलेल्या माणसाला आपल्या टपावरचे दिवे दिसत नाहीत. बटण दाबायचं आणि वर ते लागले असतील असं धरून चालायचं. महिनाभर पडून दोनदाने तोच क्षण इतक्या वेळा उलटापालटा केला की शेवटी त्याचं बोटच त्याला खोटं वाटायला लागलं. "नसेल दाबलं," तो म्हणाला. त्यानंतर त्याने कशाबद्दलच ठामपणे काही म्हटलं नाही.

आणि धाकटी? तीही बोलली होती. एकदा नाही. भांडण कशावरूनही निघो, मिठावरून, पाण्यावरून, शेवटी तिच्या तोंडून तेच यायचं, "एक बटण दाबायला काय जीव जात होता?"

*

यंदा धुकं लवकर आलं. शेडच्या वाटेवर एक दुचाकीवाला समोरून येणाऱ्या टेम्पोवर आदळला आणि कंपनीचे डोळे उघडले. शनिवारी दुपारी सुपरवायझरने फाटकाशी सगळ्या गाड्या थांबवल्या.

"सोमवारपासून टपावर पाच दिवे नसतील ती गाडी आत नाही," तो म्हणाला. "पेटणारे दिवे. नुसते चिकटवलेले नाहीत. मी स्वतः बघणार. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं, बाहेर रांग लागलीय."

मग दोनदाकडे वळून म्हणाला, "तुझं काय रे? आधीच एका खेपेला दोन तास लावतोस. सोमवारी दिवे नसले तर सरळ घरी जा. रोज बटणं मोजायला मला वेळ नाही."

माणसं हसली. दोनदाही हसला, आणि ते धाकटीला जास्त लागलं. त्या हसण्याची तिला किळस आली. मार खाऊनही शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याची गत.

चौकातल्या वायरमनकडे आठ दिवसांची रांग होती. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "मी बसवते."

सासूने डोळे वर केले. "तू?"

"लग्नाआधी चार वर्षं वायरिंगच्या कारखान्यात होते. गाडीच्या अख्ख्या वायरी टेबलावर बांधायचे मी. पाच दिवे म्हणजे काय!"

"बाईमाणूस टपावर चढणार," थोरला दारातून म्हणाला. तो ऐकत होताच. त्याचे कान नेहमी याच अंगणात असायचे. "बरं, बसव बाई. पण दिवे? ते कुठून आणणार? आता दुकानात मिळायचे नाहीत, सगळ्यांनी उचलले." थोडा थांबून त्याने मोठ्या मनाने मान डोलावली. "माझी ओळख आहे शहरात. आणतो उद्या सकाळी. माझ्याकडून. भावासाठी एवढं करायला नको?"

सासूचे डोळे भरून आले. "थोरला आहे म्हणून घर आहे," ती म्हणाली.

*

रविवारी सकाळी थोरल्याने खरंच एक नवं कोरं खोकं आणून दिलं. अंगणात खुर्ची टाकून, पायावर पाय टाकून तो बसला. दोनदाला त्याने गळती थांबवायचं सिलिकॉन आणायला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं. सासू उन्हात शेंगा सोलत होती.

धाकटीने आधी केबिनच्या छताचं आतलं अस्तर सोडवलं. कडेच्या क्लिपा एकेक निघाल्या आणि अस्तर खाली लोंबलं, तसा तिच्या तोंडावर भुगा पडला. पिसं, खताची पूड, उंदराच्या लेंड्या, आणि कापसाच्या घरट्यात वाळून चामडं झालेलं एक उंदराचं पिल्लू. तिने तोंड बाहेर काढून ओकारी दाबली.

"हळू, हळू," थोरला खुर्चीतून म्हणाला. "अस्तर फाटलं तर नवं घालावं लागेल."

तिने पिल्लू फडक्याने उचलून फेकलं आणि विजेरी घेऊन पुन्हा आत डोकं घातलं. टपाच्या पत्र्याला आतून लांबीचे, भोकं बुजवायच्या त्या लगद्याचे, पाच गोळे दिसत होते. अपघातानंतर, दोनदा दवाखान्यात असताना, टप ठोकून, जुनी भोकं लांबीने बुजवून, वर पांढरा रंग मारायचं काम थोरल्यानेच करून घेतलं होतं. बाकी गाडी निळी, टप तेवढा पांढरा. दिव्यांचा पार चुरा झाला, त्याने तेव्हा सांगितलं होतं.

गोळ्यांशेजारी जुन्या वायरी होत्या. धाकटीने एक ओढून उजेडात धरली. ती तुटलेली नव्हती. पकडीने सरळ कापलेली होती आणि टोकाला काळी टेप गुंडाळलेली, नीट, तीन वेढे. दुसरीही तशीच. पाचही जोड्या तशाच. तिने मनात म्हटलं, गाडी दुरुस्त करताना कापल्या असतील. अजून तिला कसलाच संशय नव्हता.

मग ती खोकं घेऊन टपावर चढली. कारखान्यात शिकवलेलं होतं, बसवायच्या आधी प्रत्येक दिवा बॅटरीवर लावून बघायचा. पाचही लख्ख लागले, नारिंगी. पॉलिश मारून काचा चकाचक केलेल्या. भोकांची खूण करायला तिने पहिला दिवा उलटा केला, आणि तिचा हात थांबला.

खालच्या रबरी गादीच्या कडेला रंगाचा पापुद्रा चिकटलेला होता. निळा.

तिने दुसरा उलटा केला. निळा. तिसऱ्याच्या सांध्यात निळ्याबरोबर भुसाही अडकलेला होता, मळणीचा बारीक भुसा. ती खाली उतरली, दार उघडलं आणि दिवा दाराच्या आतल्या पत्र्याला लावून धरला. तोच निळा. पुन्हा वर चढून तिने लांबीचा एक गोळा छिन्नीने ठोकून पाडला आणि दिवा त्या भोकावर ठेवला. दिव्याची स्क्रूची दोन्ही भोकं पत्र्याच्या दोन्ही जुन्या भोकांवर नेमकी आली. नव्या दिव्यांची अशी येत नसतात.

मग तिने पाचही दिवे ओळीने मांडले आणि एकेक निरखून पाहिला. टपाचा उजवा कोपरा ट्रकखाली वीतभर चेपला होता. उजव्या टोकाला दिवा असता तर त्याची पूड झाली असती. इथं पाचही शाबूत होते. साधा ओरखडा नाही. म्हणजे ट्रक येऊन धडकला तेव्हा हे दिवे टपावर नव्हतेच.

सकाळपासून खताच्या धुळीत होती, उंदराचं पिल्लू हाताने काढलं होतं, पण खरी ओकारी तिला आत्ता आली. ती टपावरच उकिडवी बसली. खाली थोरला कानात काडी घालून, डोळे मिटून, कान कोरत होता.

"भाऊजी," ती म्हणाली. "हे दिवे आपल्याच गाडीचे आहेत."

काडी थांबली. "कोण म्हणतं?"

"रंग म्हणतो. भोकं म्हणतात. हा भुसा तुमच्या मळणी यंत्राचा. गेल्या महिन्यात यंत्र विकलंत, तेव्हा काढून ठेवले असतील. आज खोक्यात घालून आणलेत."

सासूने शेंगा सोलणं थांबवलं. थोरल्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि हसला.

"बरं मग? आपलेच आहेत ना? परत आले. चोरलेले असते तर परत आणले असते का मी?"

"कधी काढलेत?"

"अगं, तेव्हा अंधार पडला तरी मळणी चालायची. चार दिवसांपुरते नेले होते. गाडी रात्री माझ्या दारात उभी होती, काढले. सांगायचं राहून गेलं. घरातलीच वस्तू, त्यात काय सांगायचं?"

"अपघाताच्या आदल्या रात्री."

त्याने कानातली काडी मोडून टाकली.

"आदल्याच रात्री ना?" धाकटीचा आवाज फाटला. "म्हणजे त्यांनी बटण दाबलं होतं. वर दिवेच नव्हते. तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही दवाखान्यात त्यांच्या हातावर हात ठेवून सांगितलंत, बटण बंद होतं, मी स्वतः बघितलं!"

"हे बघ, ट्रकवाला सगळीकडे बोंबलत होता. काहीतरी सांगावं लागतं. मी कुणाला फासावर दिलं का?" त्याने शर्टावरून काहीतरी झटकलं. "आणि दिवे असते तरी ट्रक थांबलाच असता, हे कुणी सांगावं? उगाच जुनं उकरू नकोस. दिवे आणून दिले त्याचं काही नाही. चांगुलपणाचे दिवस नाहीत."

चोर तो चोर, वर शिरजोर. धाकटीला वाटलं, हातातला दिवा त्याच्या तोंडावर भिरकवावा. पण पाचच होते आणि उद्या पाचही लागणार होते. तिला याचीही किळस आली की रागाच्या भरातसुद्धा आपण दिवा जपून धरलाय.

सासू शेंगांकडे बघत म्हणाली, "झालं गेलं, धाकटे. दोन्ही माझीच लेकरं. कुठं बोलायचं नाही आता."

"कुणाला काय बोलायचं नाही?"

अंगणाच्या फाटकात दोनदा उभा होता. हातात सिलिकॉनची नळी. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. धाकटी टपावरून उतरली, त्याचा हात धरून त्याला गाडीशी आणलं आणि दिवा उलटा करून त्याच्या हातात दिला. मग छतातून लोंबणारी वायरीची टोकं दाखवली. काळी टेप, तीन वेढे.

त्याने टेपवरून बोट फिरवलं.

"आपण घरातले, दादा," शेवटी तो म्हणाला. "मला एकच सांग. मी दाबलं होतं ना बटण?"

थोरला खुर्ची उचलून घराकडे निघाला होता. "गाडी आणली तेव्हा चालूच होतं," तो पाठमोराच म्हणाला, जसं काही कुणी वेळ विचारली होती. दार लागलं.

दोनदा पायरीवर बसला. रडला नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या हातात धरून बसला, दारात सापडून चेंगरल्यावर धरतात तसं. धाकटी त्याच्यासमोर उभी होती आणि तिला तिचीच शिसारी आली होती. थोरला एकदाच खोटं बोलला होता. ते खोटं ती दोन वर्षं रोज याला वाढत आली होती.

"मीही तुम्हाला लागेल तसं बोलले," ती म्हणाली. "त्या बटणावरून."

"तू एकटी थोडीच बोलत होतीस," तो म्हणाला. "मीपण स्वतःला तेच बोलत होतो." मग त्याने नळी पुढे केली. "हे लावायचंय ना?"

मग दोघं कामाला लागली. उरलेले लांबीचे गोळे त्याने खालून ठोकून पाडले. तिने भोकांच्या कडा घासून गंज काढला, गादीखाली सिलिकॉनची गोल रेघ ओढली आणि स्क्रू आवळले, फार नाही, काच तडकू नये इतके. कापलेली टोकं सोलून त्यांवर जोडणीच्या पिना दाबल्या. प्रत्येक पीन दाबल्यावर ओढून बघायची, ही कारखान्याची सवय तिच्या हातात होतीच. अर्थची वायर तिने रंग खरवडून उघड्या पत्र्याला बांधली. नवी पाच अँपियरची फ्यूज घातली. त्या दिव्यांना हात लावताना तिला दर वेळी थोरल्याच्या हाताला हात लागल्यासारखं वाटत होतं. तिने ते पाचही दिवे आधी रॉकेलने आणि मग साबणाने पुसले.

दुपार कलताना ती गाडीपुढे उभी राहिली. "दाबा," ती म्हणाली.

त्याने दाबलं. पाचही लागले.

*

सोमवारी धुकं इतकं दाट होतं की शेडचं फाटक दहा पावलांवर येईपर्यंत दिसलं नाही. थोरला नेहमीसारखा पुढे बसून आला होता. काल काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने तो सकाळी येऊन दार उघडून बसला होता, आणि दोनदा काही बोलला नव्हता. धाकटी मागे हौद्यात उभी राहून दोघांची डोकी काचेतून बघत आली. नवऱ्याचं डोकं गप्प होतं. पुन्हा शेपूटच हलवणार हा, तिला वाटलं.

फाटकाशी थोरला आधी उतरला. "साहेब, स्वतः उभं राहून बसवून घेतले," तो सुपरवायझरला म्हणाला. "दिवेही मीच आणले."

सुपरवायझरने तोंडावरचा मफलर खाली केला. "दाब रे दोनदा."

शेडवरची माणसं फावडी टेकून गोळा झाली. एकाने सुरू केलं, "एकदा..."

दिवे लागले. धुक्यात पाच नारिंगी गोळे, उंचावर, लांबून दिसतील असे. माणसं वाट बघत राहिली. आता तो उतरेल, लंगडत पुढे येईल, मान वर करून बघेल, पुन्हा चढेल. मोजणाऱ्याने तोंड उघडंच ठेवलं होतं.

दोनदा उतरला नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

"का रे, आज बघायचं नाही?" सुपरवायझरने विचारलं.

"कशाला?" तो म्हणाला. "दाबलंय मी."

फाटक उघडलं. गाडी आत गेली. तासभर खत भरलं. आजचं खत ओलं होतं, वाफा निघत होत्या, आणि वरच्या थरात दोन कोंबड्या सापडल्या, पाय ताठ, पोटं फुगलेली. धाकटीने तोंडाला फडकं बांधून हौदा काठोकाठ भरला. फावडं ठेवून ती खाली उतरली, गाडीला वळसा घातला आणि केबिनचं डावं दार उघडून आत जाऊन बसली. तिच्या कपड्यांतून वास दरवळत होता. आज तिला त्याचं काही वाटलं नाही.

शेडच्या ऑफिसातला चहा पिऊन थोरला आला. दार उघडून बघतो तर ती.

"उतर. मागे जा."

धाकटी जागची हलली नाही, पण बोललीही नाही. हे बोलणं तिचं नव्हतं. ती समोरच्या काचेकडे बघत राहिली.

"दादा," दोनदा म्हणाला. "मागे बस."

"काय म्हणालास?"

"मागे. पोतं आहे अंथरायला."

थोरल्याने हौद्याकडे पाहिलं. खताच्या ढिगातून कोंबडीचा एक पाय वर आलेला होता. त्याने भावाकडे पाहिलं, मग आपल्या शर्टाकडे. फाटकावरची माणसं बघत होती. आज कुणी मोजत नव्हतं.

"तू परत एकदा विचार कर," थोरला म्हणाला.

"एकदा केलाय," दोनदा म्हणाला आणि गिअर टाकला. धाकटीने हात लांबवून दार ओढून घेतलं.

थोरला मागे चढला की तिथंच उभा राहिला, हे वळून दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. फाटकाबाहेर धुकं तसंच होतं. वळण आलं, तेच वळण, आणि दोनदाचा हात बटणाकडे गेला नाही. टपावरचे दिवे आतून दिसत नव्हते, पण ते लागलेले आहेत हे त्याला ठाऊक होतं.